पापाची वाटणी

अन्यायाने दिलेल्या निवाड्याचे पाप कोणाच्या माथी बसते, हा प्रश्न मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात आला आहे आणि त्याचे उत्तरही तेथे जमाखर्चाच्या काटेकोरपणाने दिलेले आहे: पापाचा एक चतुर्थांश प्रत्यक्ष अधर्म करणाऱ्याला, एक चतुर्थांश साक्षीदाराला, एक चतुर्थांश सर्व सभासदांना आणि उरलेला राजाला. न्यायसभेत बसणाऱ्याने आपण पुढे आलेल्या पुराव्याप्रमाणे निकाल दिला एवढे म्हणून सुटू नये, ही यामागची दृष्टी स्तुत्य आहेच. परंतु वाचणाऱ्याच्या मनात एक शंका राहून जाते. सभासद नऊ असले, तर त्या चतुर्थांशाचे आणखी नऊ भाग करावयाचे काय? तसे केले, तर न्यायाधीशांची संख्या वाढवीत नेऊन प्रत्येकाच्या वाट्याचे पाप नाममात्र करून टाकता येईल, आणि सबंध राष्ट्रालाच सभासद मानले तर ते जवळजवळ शून्यावर येईल. पाप हे काही वतन नव्हे, की भाऊबंदांत वाटण्या होत गेल्या म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याची जमीन घटत जावी.

या शंकेला एका माणसाने आपल्या परीने दिलेले उत्तर इतिहासात नमूद आहे. परंतु ते समजण्यासाठी तो ज्या समाजात वावरत होता त्याचा कारभार आणि नित्यक्रम थोडा निवांतपणे पाहिला पाहिजे. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावर इंग्रजांनी सतराव्या शतकात ज्या वसाहती वसविल्या, त्यांतील उत्तरेकडच्या वसाहतींचे, विशेषतः मॅसॅच्युसेट्सचे, वैशिष्ट्य असे की तेथे आलेले प्युरिटन लोक तंबाखूच्या लागवडीसाठी किंवा सोन्याच्या शोधात आलेले नव्हते. पहिल्या चार्ल्स राजाकडून १६२९ साली सनद मिळाली आणि जॉन विन्थ्रॉप पुढच्या वर्षी जहाजांचा ताफा घेऊन निघाला, तेव्हा त्याने आपल्या सोबत्यांच्या मनावर बिंबविलेला विचार हा होता की आपण सर्वांनी मिळून ईश्वराशी एक करार केला आहे. तो पाळला तर आपली भरभराट होईल आणि मोडला तर ईश्वर आपल्याला जगाच्या डोळ्यांदेखत शासन करील. या कराराचा पक्षकार एकटादुकटा भाविक नव्हता. सबंध वसाहत, लहानथोरांसह, त्याची पक्षकार होती. म्हणून एकाने चोरून मद्यपान केले तर त्याची झळ शेजाऱ्याच्या शेतालाही लागू शकत होती.

तत्त्वज्ञान एवढ्यावरच थांबले असते तर ते प्रवचनापुरते राहिले असते. पण या लोकांनी ते रोजच्या व्यवहारात उतरविले होते. प्रत्येक गावाच्या मध्यभागी एक मोठी लाकडी इमारत असे. तिला ते देऊळ किंवा चर्च म्हणत नसत. चर्च म्हणजे माणसांची मंडळी, इमारत नव्हे, असा त्यांचा आग्रह होता. इमारतीला ते नुसते सभाघर म्हणत. त्याच छपराखाली शब्बाथ दिवशी दोन वेळा उपासना चाले आणि इतर दिवशी गावसभा भरे. तीत गावचे पंच निवडले जात, कुंपणे तपासणारे आणि मोकाट डुकरांवर नजर ठेवणारे कामगार नेमले जात, कोंडवाड्याचा बंदोबस्त, धर्मोपदेशकाचा तनखा आणि त्याला हिवाळ्यात पुरवावयाच्या जळाऊ लाकडांचा हिशेब, हे सगळे तेथेच ठरे. बाकांवरच्या जागा मन मानेल तशा घेता येत नसत. वय, मालमत्ता आणि प्रतिष्ठा पाहून कोणी कोठे बसावे याची यादी एक समिती करीत असे, आणि आपल्याला मागचा बाक मिळाला म्हणून वर्षानुवर्षे धुसफुसणारी घराणी तेथेही होती. (देवासमोर सर्व समान, हे तत्त्व बैठकीच्या व्यवस्थेपाशी अडखळते, हा अनुभव कोणत्याही एका धर्माचा नव्हे.) इमारतीत शेगडी नसे. बोस्टनचा एक प्रतिष्ठित नागरिक सॅम्युएल स्यूअल याने १६८६ च्या जानेवारीतील आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवले आहे की त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर गोठून इतकी कडक झाली होती की मोडून ताटांत टाकताना तिचा खडखड आवाज होत होता.

या उपासनेतल्या दोन रूढी पुढच्या हकीकतीसाठी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली अशी की ज्याला मंडळीचा पूर्ण सभासद व्हावयाचे असेल त्याने आपल्या अंतःकरणात ईश्वरी कृपेचे कार्य कसे घडले, याचे निवेदन मंडळीसमोर करावयाचे. आणि ज्या सभासदाच्या हातून अपराध घडला असेल त्याने उभे राहून तो सर्वांच्या कानी पडू द्यावयाचा. १६३१ पासून कित्येक वर्षे मतदानाचा हक्कही मंडळीच्या सभासदत्वाला जोडलेला होता, तेव्हा आत्मनिवेदन हे राज्यकारभाराचे दारही होते. दुसरी रूढी साधी आहे. कोणाच्या घरी आजारपण असले, कोणी जहाजावर जावयाचा असला, कोणाची बायको सुखरूप बाळंत झाली, म्हणजे तो एका कागदावर चार ओळी लिहून धर्मोपदेशकाच्या हाती देई. धर्मोपदेशक ती चिठ्ठी वाचून दाखवी आणि सबंध मंडळी त्या माणसासाठी प्रार्थना करी. खाजगी सुखदुःख सार्वजनिक करण्याची ही इतकी रोजची रीत होती की तिचे कोणाला काही वाटत नसे.

करार सामुदायिक असला की संकटाचा अर्थही सामुदायिकच लावावा लागतो. १६७५ साली वांपानोआग लोकांचा नायक मेटाकॉम, ज्याला इंग्रज राजा फिलिप म्हणत, याच्याशी युद्ध पेटले, गावेच्या गावे जळाली, तेव्हा वसाहतीच्या सर्वोच्च सभेने सैन्याची तजवीज केलीच, पण त्याबरोबर ईश्वराचा कोप कोणत्या पापांमुळे ओढवला याची एक यादी कायद्याच्या रूपाने जाहीर केली. पुरुषांनी बायकांसारखे लांब केस राखणे, केसांचे कृत्रिम टोप घालणे, भपकेबाज पोशाख, आशीर्वादापूर्वीच सभाघरातून निघून जाणे, क्वेकरांच्या बैठका, दुकानदारांनी मनमानी भाव लावणे, अशी ती यादी आहे. १६७९ साली धर्मोपदेशकांची परिषद भरून तिने अशीच आणखी एक यादी तयार केली. ज्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या त्यांच्याविषयीची काही चूक युद्धाच्या मुळाशी असू शकेल, या विचाराला त्या कायद्यात जागा मिळाली नाही. सामुदायिक आत्मपरीक्षणाचा हा एक स्वभावच दिसतो: ते शेजाऱ्याच्या केसांपासून सुरू होते.

या सिद्धांताच्या पायावरच घाव घालणारा एक माणूस त्यांच्यातच होऊन गेला होता. रॉजर विल्यम्स म्हणत असे की ईश्वराने राष्ट्राशी करार केला तो एकदाच, प्राचीन इस्राएलाशी. ख्रिस्तानंतर कोणतेही राष्ट्र असे करारबद्ध राहिलेले नाही, आणि म्हणून ईश्वराविषयीच्या माणसाच्या कर्तव्यांत मुलकी अधिकाऱ्याने हात घालण्याचे कारण नाही. त्याला हद्दपारीची शिक्षा झाली आणि १६३६ साली त्याने दक्षिणेकडे जाऊन प्रॉव्हिडन्स ही वस्ती उभारली. हा मुद्दा बहुधा विचारस्वातंत्र्याच्या इतिहासात सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु मला त्याचे महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटते. राष्ट्राशी करार नसेल तर राष्ट्राचे पाप असेही काही उरत नाही. उरतात ती माणसे आणि त्यांची कृत्ये. ज्या वसाहतीने विल्यम्सला घालवून दिले, तिला हा धडा १६९२ साली फार महाग किमतीत शिकावा लागला.

त्या वर्षी सगळीच संकटे एकदम जमली होती. जुनी सनद १६८४ मध्ये रद्द झाली होती, राजाने पाठविलेल्या अँड्रॉस या गव्हर्नराला बोस्टनच्या लोकांनी १६८९ मध्ये बंड करून कैदेत टाकले होते, नवी सनद अजून समुद्रावर होती. उत्तर सरहद्दीवर फ्रेंच आणि त्यांचे आदिवासी मित्र यांच्याशी युद्ध चालू होते आणि जानेवारीत यॉर्क हे गाव लुटले-जाळले गेले होते. सेलम व्हिलेज या लहान वस्तीत तर धर्मोपदेशक सॅम्युएल पॅरिस याच्या तनख्यासाठी कर बसविण्याचेच तेथील समितीने नाकारले होते. अशा वेळी पॅरिसच्या घरातील नऊ वर्षांची मुलगी आणि अकरा वर्षांची भाची यांना झटके येऊ लागले, आणि वैद्याने त्यांच्यावर करणी झाल्याचे निदान केले. पुढची हकीकत जगजाहीर आहे. दीडशेवर लोक कैद झाले. नवा गव्हर्नर विल्यम फिप्स मे महिन्यात नवी सनद घेऊन उतरला आणि त्याने विल्यम स्टाउटन याच्या अध्यक्षतेखाली नऊ न्यायाधीशांची खास अदालत नेमली. जून ते सप्टेंबर या अवधीत १९ जणांना फाशी झाली. जाइल्स कोरी या ऐंशीच्या घरातील शेतकऱ्याने खटल्याला उभे राहण्याचेच नाकारले, म्हणून त्याच्या छातीवर धोंडे रचून त्याला मारण्यात आले. आणखी निदान पाच जण तुरुंगात मेले. नऊ न्यायाधीशांपैकी नाथॅनिएल सॉल्टनस्टॉल हा पहिल्या खटल्यानंतर बाजूला झाला. उरलेल्यांत सॅम्युएल स्यूअल होता.

या अदालतीचा एक विपर्यास सर्वांत भयंकर आहे, आणि तो त्या समाजाच्या सर्वांत पवित्र रूढीतून निघाला आहे. ज्यांनी आपण चेटूक केल्याचे कबूल केले त्यांपैकी, कबुलीवर ठाम राहिलेल्या एकालाही फाशी झाली नाही. जे नाकारीत राहिले ते फासावर गेले. सॅम्युएल वॉर्डवेल याने आधी दिलेली कबुली परत घेतली आणि तोही लटकला. पन्नासच्या आसपास लोकांनी कबुली दिली, त्या कबुलीत शेजाऱ्यांची नावे घातली, आणि जगले. ज्या समाजाने अंतःकरण उघडे करून दाखविणे हाच सभासदत्वाचा दाखला मानला होता, त्याला खोटी कबुली खऱ्या पश्चात्तापासारखी दिसावी आणि खरा नकार हट्टी पापासारखा दिसावा, यात नवल ते काय? पापकथनाला समाजात एकदा किंमत आली की ते चलनासारखे वापरले जाऊ लागते, आणि चलन म्हटले की खोटे नाणे आलेच.

या कैद्यांत मेरी ईस्टी नावाची एक बाई होती. तिची थोरली बहीण रिबेका नर्स, सत्तरी ओलांडलेली आणि मंडळीत मान असलेली, जुलैतच फाशी गेली होती. ईस्टीने सप्टेंबरात न्यायाधीशांना अर्ज केला. त्या अर्जाचा आशय असा की मला मरावयाचे आहे हे मी जाणून आहे, माझा जीव वाचवा असे मी म्हणत नाही. पण निरपराधांचे रक्त यापुढे सांडू नये म्हणून या कबुली देणाऱ्यांची तुम्ही नीट, वेगवेगळी चौकशी करा. खोटे बोलून सुटण्याचा मार्ग समोर असताना आपल्या आत्म्याविरुद्ध आपण साक्ष देणार नाही, हेही तिने त्यात सांगितले आहे. २२ सप्टेंबरला तिला फाशी झाली. ऑक्टोबरात फिप्सने ती अदालत बरखास्त केली. न्यायाधीशांना करावयाचा तपास कैद्याने समजावून द्यावा लागला, ही गोष्ट त्या अर्जात कोठेही उपहासाने येत नाही. म्हणूनच ती वाचवत नाही.

पुढे चार वर्षे वसाहत गप्प होती. सर्वांना ठाऊक होते आणि कोणीच बोलत नव्हते. युद्धात अपयश येत होते, पिके बुडत होती. तेव्हा जुन्या पद्धतीप्रमाणे १६९६ च्या डिसेंबरात सर्वोच्च सभेने असा जाहीरनामा काढला की १४ जानेवारी १६९७ हा दिवस सर्वांनी उपवास व प्रार्थनेत घालवावा. त्यात सेलमच्या प्रकरणाचाही उल्लेख होता, परंतु तो कसा? सैतान आणि त्याचे हस्तक यांनी ईश्वराच्या भयंकर न्यायानुसार आमच्यात जी दुर्घटना माजविली तीत दोन्ही बाजूंनी ज्या काही चुका झाल्या असतील, त्यांबद्दल ईश्वराने आम्हांस नम्र करून क्षमा करावी, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. सैतान आहे, हस्तक आहेत, ईश्वर आहे, दोन्ही बाजू आहेत. फाशीचा हुकूम लिहिणारा हात मात्र कोठे दिसत नाही. आणि हे अपघाताने झाले असेही म्हणवत नाही, कारण त्या वेळी गव्हर्नराच्या जागी कारभार पाहणारा अधिकारी विल्यम स्टाउटन हाच होता.

या जाहीरनाम्यानंतर आठवड्याच्या आत स्यूअलच्या घरी जे घडले ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. २३ डिसेंबरला त्याची सेरा नावाची दोन वर्षांची मुलगी वारली. दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने मत्तयाच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायाचा उतारा लॅटिनमधून वाचला. दयेचा अर्थ कळला असता तर तुम्ही निर्दोषांना दोषी ठरविले नसते, असा ज्याचा भाव आहे ते वचन त्यात आले आणि स्यूअलला सेलम आठवले. २५ डिसेंबरला, म्हणजे नाताळात, मुलीचे दफन झाले. (प्युरिटन लोक नाताळ पाळीत नसत, १६५९ ते १६८१ पर्यंत तर तो पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता, आणि त्या दिवशी दुकाने उघडी राहून गाड्या नेहमीप्रमाणे शहरात आल्या याची नोंद स्यूअल समाधानाने करीत असे.) दुपारी तो घराण्याच्या थडग्यात एकटा उतरला. आतील जागा कोरडी होती. सासरा, सासू, एक नातलग आणि आपली सहा मुले यांच्या शवपेट्या नीट लावल्या आहेत की नाही हे त्याने पाहिले, आणि त्या पेट्यांच्या सान्निध्यात आपला वेळ भयप्रद तरीही प्रिय वाटेल असा गेला, असे त्याने रोजनिशीत म्हटले आहे. बाहेरच्यांना हा विक्षिप्तपणा वाटेल. मला तो वाटत नाही. ज्याच्या घरातून मुले एकामागून एक जात होती त्या बापाला, ती निदान एका जागी ओळीने आहेत, एवढाच हिशेब हाती राहिला होता.

उपवासाच्या दिवशी दुपारच्या उपासनेला सभाघरात स्यूअल आपल्या जागी बसला होता. धर्मोपदेशक सॅम्युएल विलर्ड जवळून जात असता त्याने त्याच्या हाती एक चिठ्ठी दिली, विलर्ड ती वाचू लागताच तो उभा राहिला, आणि वाचून होताच त्याने मान लववली. आजारी मुलासाठी किंवा जहाजावरच्या भावासाठी जशी चिठ्ठी दिली जाई, तशीच ही. मजकूर एवढाच होता की सॅम्युएल स्यूअल याला आपल्यावर आणि आपल्या कुटुंबावर होणाऱ्या वारंवार आघातांची जाणीव आहे. सेलमच्या अदालतीमुळे जो दोष लागला त्यात आपला भाग, आपल्याला ठाऊक असलेल्या कोणाहीपेक्षा, अनेक कारणांनी अधिक आहे. त्याचा दोष आणि लाज तो आपल्यावर घेऊ इच्छितो, माणसांची क्षमा मागतो, आणि ईश्वराने ते पाप माफ करावे व त्याचे शासन त्याच्यावर, त्याच्या मुलाबाळांवर किंवा या भूमीवर करू नये यासाठी सर्वांनी प्रार्थना करावी, अशी त्याची विनंती आहे.

मनूच्या हिशेबाला हे उत्तर आहे. नऊ न्यायाधीश होते, बारा ज्यूरर होते, साक्ष देणाऱ्या मुली होत्या, त्यांना चिथावणारे आईबाप होते, वर गव्हर्नर होता; भाग पाडावयाचे तर कितीही पाडता आले असते. वस्तुतः सर्वांत मोठा भाग स्टाउटनचा होता, हे अदालतीच्या कामकाजाशी परिचय असलेल्या कोणालाही मान्य व्हावे. म्हणजे स्यूअलचे विधान वस्तुस्थिती म्हणून चुकीचेच आहे! परंतु ते वस्तुस्थितीचे विधान नाहीच. प्रत्येक भागीदाराने स्वतःविषयी, आणि केवळ स्वतःविषयीच, करावयाचे ते विधान आहे. दुसऱ्याच्या अपराधाचे माप मला बाहेरून घ्यावे लागते, माझ्या अपराधाचे मी आतून घेतो. आणि आतून घेतलेल्या मापात हिस्सेरशी बसत नाही. नऊ जणांनी मिळून एकाला फाशी दिली तर प्रत्येकाने एकेक सबंध माणूस मारलेला असतो.

आक्षेप घेणारे म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे हलके नाही, की हा पश्चात्ताप नव्हे, भय आहे. मुले मरू लागली नसती तर ही चिठ्ठी लिहिली गेली असती काय? शिवाय त्याने माणसांची क्षमा मागितली खरी, पण कोणत्या माणसांची? रिबेका नर्सचे नाव त्यात नाही, ईस्टीचे नाही, जॉर्ज बरोज याचे नाही. बरोज हा हार्वर्डला स्यूअलच्या आगेमागेच शिकलेला धर्मोपदेशक. फाशीच्या शिडीवरून त्याने प्रभूची प्रार्थना बिनचूक म्हटली, तरी तो लटकला. बारा ज्यूरर लोकांनी त्याच वर्षी आपले जे निवेदन लिहून दिले, त्यात अज्ञानाची आणि अंधकाराच्या शक्तींची सबब पुष्कळ आहे, पण मागे राहिलेल्या पीडितांना उद्देशून क्षमा मागण्याचे भान त्यांनी ठेवले. या एका बाबतीत ते न्यायाधीशाच्या पुढे गेले. हे मान्य करूनही मला असे म्हणावेसे वाटते की भयातून जागा झालेला पश्चात्ताप खोटाच असतो हा समज कठोर आहे आणि चुकीचाही. मनूनेच अकराव्या अध्यायात पापमुक्तीची जी साधने सांगितली आहेत त्यांत पहिले स्थान ख्यापनाला, म्हणजे आपले पाप उघड सांगण्याला आहे; अनुताप त्यानंतर येतो. क्रम अर्थपूर्ण आहे. माणूस पुरता शुद्ध होऊन मग बोलत नाही. बोलल्यानंतर त्याला परतीचा रस्ता उरत नाही, आणि मग शुद्धीला वाव मिळतो.

स्यूअलच्या बाबतीत तसा वाव मिळाला असे मानण्यास आधार आहे. १७०० साली त्याने बोस्टनमध्ये एक छोटी पुस्तिका छापली. बायबलातील योसेफाच्या विक्रीचा दाखला घेऊन तिने गुलामांच्या व्यापाराला अधर्म ठरविले. त्या वसाहतीत गुलामगिरीविरुद्ध छापली गेलेली ती पहिली पुस्तिका. तीत काळ्या माणसांविषयी आजच्या वाचकाला बोचतील अशी वाक्ये आहेत, आणि ती झाकण्याचे कारण नाही. पण जो व्यवहार बंदरावरचे सगळे प्रतिष्ठित लोक निर्वेधपणे करीत होते, त्यात निरपराधाला दोषी ठरविले जात आहे हे पाहण्याची नजर त्याला मिळाली होती. जॉन सॅफिन या दुसऱ्या एका न्यायाधीशाने पुढच्याच वर्षी त्याला छापील उत्तर दिले, तेव्हा स्यूअल एकटाच होता.

ॲन पुटनम हिनेही आपला वाटा उचलला. बाराव्या वर्षी तिने अनेकांवर आरोप केले होते. १७०६ साली, आईबाप वारल्यावर, ती सेलम व्हिलेजच्या मंडळीत उभी राहिली आणि धर्मोपदेशकाने तिचे निवेदन वाचले. सैतानाने आपल्याला भ्रमात पाडले हे तिने म्हटले, पण रिबेका नर्स आणि तिच्या दोन बहिणी यांचा उल्लेखही तिने केला. स्टाउटनने मरेपर्यंत, म्हणजे १७०१ पर्यंत, जाहीरपणे एक शब्दही काढला नाही.

येथे एक विषयांतर करणे भाग आहे, कारण त्या मंडळ्यांचा आणि आपला एक संबंध आला आहे. ज्या सेलम नगरात हे खटले चालले, तेथील टॅबरनॅकल चर्चमध्ये ६ फेब्रुवारी १८१२ रोजी पाच तरुणांना परदेशी मिशनरी म्हणून दीक्षा देण्यात आली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट पुढच्या वर्षी मुंबईस उतरले, आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. १८४२ मध्ये अहमदनगरास सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ आणि नारायण वामन टिळकांचा १८९५ चा बाप्तिस्मा हे त्याच प्रवाहातले टप्पे. तेव्हाच्या आपल्या शास्त्रीमंडळींशी या लोकांचे पाप, कर्म आणि क्षमा यांवर पुष्कळ वाद झाले. एकाचे पाप दुसऱ्याने वाहणे अशक्य, हा आपल्या कर्मवाद्यांचा पक्ष आणि ख्रिस्ताने ते वाहिले हा त्यांचा. अशा वादात बोस्टनमधील एका बाकाजवळ उभ्या राहिलेल्या न्यायाधीशाचे उदाहरण दोन्ही पक्षांना अडचणीचे झाले असते, कारण ख्रिस्तावर पूर्ण विश्वास असलेल्या माणसानेच तेथे आपले ओझे दुसऱ्या कोणाला देण्याचे नाकारले होते, आणि ते उतरावे म्हणून प्रार्थना मात्र शेजाऱ्यांकडे मागितली होती.

सरकारने आपला वाटा कसा उचलला तेही पाहण्यासारखे आहे. १७११ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च सभेने कायदा करून २२ जणांवरील दोषारोप रद्द केले. दुष्ट आत्म्यांच्या प्रभावाला त्या कायद्याच्या मजकुरात जागा मिळाली आहे, आणि त्या वेळी कायदेशीरपणे काम केलेल्या शेरीफ, शिपाई, तुरुंगाधिकारी इत्यादी कोणावरही फिर्याद चालणार नाही, अशी तजवीजही त्यातच करून ठेवली आहे. वगळलेल्यांची नावे टप्प्याटप्प्याने निर्दोष ठरत गेली. शेवटचे एक नाव २०२२ साली साफ झाले. १७११ च्याच डिसेंबरात गव्हर्नराने नुकसानभरपाईपोटी ५७८ पौंड १२ शिलिंग मंजूर केले. जॉन प्रॉक्टर व त्याची बायको यांच्या नावे १५० पौंड, बरोजच्या नावे ५०, रिबेका नर्सच्या नावे २५, मेरी ईस्टीच्या नावे २०. रक्कम उचलून वारसांना पोचती करण्याचे मुखत्यारपत्र अनेक कुटुंबांनी स्टीफन स्यूअलला दिले. तो सॅम्युएलचा भाऊ, आणि १६९२ मध्ये त्याच अदालतीचा लेखनिक होता. फाशी गेलेल्या सेरा गुड हिच्या नावे ३० पौंड निघाले. तिच्या चौकशीच्या वेळी ती चेटकी असावी अशी शंका न्यायाधीशांसमोर बोलून दाखविणारा तिचा नवरा विल्यम गुड हयात होता. ते पैसे त्याला मिळाले.